गिधाडं मोजायची राहिली

फाल्गुन सरत आला होता. शाळूची काढणी उरकत आलेली, हरभरा खळ्यावरून घरात गेलेला, आणि अंबडहून रोहिलागडाच्या बाजूला जाताना लागणाऱ्या एका गायरानावर आम्ही चौघं चार दिशांना तोंड करून बसलो होतो. मी, हायस्कूलातून निवृत्त झालेले एक गुरुजी, कॉलेजात शिकणारा त्यांचा पुतण्या आणि पुतण्याची धाकटी बहीण. दुर्बिणी दोनच. वह्या मात्र चौघांकडे.

मेंढरं माघारी वळवत असलेले एक आबा आमच्याजवळ थांबले. काठीवर हनुवटी टेकवून बराच वेळ बघत राहिले.

"डॉक्टर, काय मोजू लागले?"

मी डॉक्टर नव्हे. पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून पस्तीस वर्षं नोकरी केली. पण ज्याच्या हातात इंजेक्शन तो डॉक्टर, हा गावचा हिशोब.

"पाखरं मोजू लागलो, आबा. ती घारीसारखी दिसतात ना, गवतावरून खालून-खालून फिरणारी. ती."

"मोजल्यानं वाढत्यात व्हय?"

"वाढत नाहीत."

"मंग कामून मोजायचं?"

आबा खवचटपणे विचारत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. तेवढ्यात पुतण्यानं हात वर केला. पश्चिमेकडून एक पाखरू येत होतं आणि बोलायला उसंत नव्हती. पण प्रश्न घरापर्यंत माझ्याबरोबर आला. त्याचं उत्तर द्यायचं तर मला बहात्तरच्या दुष्काळापर्यंत मागं जावं लागतं.

तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या भागाचा जालना जिल्हा अजून व्हायचा होता. तो १ मे १९८१ ला झाला. अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. पैठणला जायकवाडीच्या धरणाचं काम चालू होतं, पण त्याचं पाणी आमच्याकडं यायला अजून अवकाश होता. आई आणि चुलती खडी फोडायला दुष्काळी कामावर जायच्या. घरात मिलोची लाल भाकर आणि आम्हा पोरांना सुकडी. माणसं कशीबशी जगली. ढोरं जगली नाहीत. आमच्या जोडीतला पवळ्या बैल गोठ्यात बसला तो उठलाच नाही.

मेलेलं ढोर ओढून नेण्याचं काम गावानं पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी मारलं होतं, त्यांनी बाबासाहेबांचं ऐकून ते कधीच सोडून दिलं होतं, आणि बरोबरच केलं होतं. त्यामुळं वडिलांनी आणि चुलत्यांनीच पवळ्याला दुसऱ्याच्या गाडीला बांधून गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत ओढत नेलं. मी मागं चालत होतो. वडील एकदाही मागं वळून बघत नव्हते.

ओढ्याच्या काठच्या लिंबावर गिधाडं आधीच बसलेली होती. आभाळात एक ठिपका गोल फिरत असे, त्याच्याकडं बघून दुसरा येई, दुसऱ्याकडं बघून तिसरा. घटकाभरात आभाळातनं जिना उतरावा तशी ती खाली उतरत. पाठीवर पांढरा पट्टा असलेली, लांब चोचीची, आणि कडेनं भीत-भीत चालणारी लहान पांढरी. भांडणाचा, फुत्काराचा असा आवाज की रात्री झोपेत ऐकू यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोरं पळत गेलो तेव्हा पवळ्याची हाडं तेवढी राहिली होती. वास नाही, माशा नाहीत. त्या वर्षी ओढ्याला एवढी ढोरं पडली, तरी गावात त्यानं रोगराई झाल्याचं मला आठवत नाही.

आम्ही पोरांनी एकदा गिधाडं मोजायची पैज लावली होती. वीस-पंचवीसच्या पुढं गेलं की ती उडत, जागा बदलत, आणि आकडा चुके. तीनदा चुकला, मग आम्ही नाद सोडला आणि बोरं खायला गेलो. आमच्या गावच्या गिधाडांची तेवढीच काय ती मोजणी मला ठाऊक आहे.

पुढं मी नोकरीला लागलो आणि मोजणी हेच माझं काम झालं. आपल्याकडं १९१९-२० पासून पशुगणना होते, साधारण दर पाच वर्षांनी. मी अशा कितीतरी गणना केल्या. दारोदार जायचं, तक्ता भरायचा. गाई किती, म्हशी किती, बैल कामाचे किती आणि बिनकामाचे किती, कालवडी, शेळ्या, मेंढ्या, डुकरं, कोंबड्या. कोंबडीसुद्धा सुटत नसे. एखादी म्हातारी कोंबड्या लपवायची, सरकार कर बसवील म्हणून. मी तिला समजावून कोंबड्या मोजून घ्यायचो. त्या तक्त्यात ज्याला धनी आहे त्या प्रत्येक जनावराला रकाना होता. गिधाडाला धनी नव्हता, म्हणून त्याला रकानाही नव्हता. हे मला तेव्हा खटकलं नाही. खोटं कशाला बोलू?

नव्वदच्या दशकात आमच्या पेटीत एक नवं औषध आलं, डायक्लोफेनॅक. माणसांच्या सांधेदुखीचं औषध, ते जनावरांसाठी मिळू लागलं. स्वस्त आणि गुणकारी. बैल लंगडू लागला, गाईच्या कासेला सूज आली, विलेली म्हैस तापानं फणफणली, की सुई टोचायची. सकाळी दिलं तर संध्याकाळी जनावर उठून वैरणीला तोंड लावायचं. शेतकरी हात जोडायचा. ज्याचा एकच बैल आहे आणि पेरणी तोंडावर आहे, त्याला आणखी काय पाहिजे? जी जनावरं वाचण्यातली नव्हती त्यांनाही आम्ही ते द्यायचो. निदान दुखणं तरी कमी होऊ दे म्हणून. ती मरायची आणि ओढ्याकाठी जायची.

गिधाडं कधी गेली हे मला सांगता येत नाही. या सगळ्या गोष्टीतली मला सगळ्यांत जास्त बोचणारी गोष्ट हीच. पाहुणा घरातनं गेला तर कुठल्या दिवशी, कुठल्या गाडीनं गेला हे माणसाला आठवतं. इथं रोज डोक्यावर फिरणारं पाखरू गेलं आणि एकालाही तारीख सांगता येत नाही. मी लोकांना विचारत फिरलो आहे. कुणी म्हणतं लातूर-किल्लारीच्या भूकंपानंतर. कुणी म्हणतं मोबाइलचे टॉवर आले तेव्हापासून. कुणी म्हणतं ती हिमालयात निघून गेली. एकानं तर सांगितलं, गिधाडं परदेशी विकली.

२००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅक वापरायचं नाही असा आदेश आला. मी परिपत्रकावर सही केली आणि फाइलला लावलं. कारण त्यात होतं, पण एका ओळीत. खरी हकिगत मी पुढं सवडीनं वाचली, तुकड्या-तुकड्यानं.

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात विभू प्रकाश नावाचे शास्त्रज्ञ ऐंशीच्या दशकापासून शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. १९८७-८८ च्या सुमारास तिथं पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या साडेतीनशेच्या आसपास जोड्या घरटी करत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्या वीस-पंचवीसवर आल्या. माना खाली टाकून बसलेली गिधाडं झाडावरून खाली पडत. आधी वाटलं, काही साथ असावी. शेवटी पाकिस्तानात पंजाब प्रांतात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कारण दाखवून दिलं. डायक्लोफेनॅक टोचलेलं जनावर एक-दोन दिवसांत मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं, तर गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर चढतो आणि पक्षी मरतो.

अभ्यासकांनी एक हिशोबही मांडला होता. दर साडेसातशे मढ्यांपैकी एक ते दर एकशे तीस मढ्यांपैकी एक, एवढ्या प्रमाणात जरी विषारी मढी असली तरी गिधाडांचा एवढा नाश व्हायला पुरे. एकेका मढ्यावर पन्नास-पन्नास गिधाडं जेवतात. आणि गिधाडाची जोडी वर्षाला अंडं घालते एकच. पिल्लू जाणतं व्हायला पाचेक वर्षं लागतात. मी तो आकडा वाचून कागद खाली ठेवला आणि मनाशी आठवू लागलो, आपल्या हातानं टोचलेली, तरी मेलेली आणि ओढ्याला गेलेली जनावरं किती असतील. जनावरांच्या उपचाराची नोंद रजिस्टरात होती. ओढ्याला काय झालं त्याची नोंद कुठंच नव्हती.

मी मुद्दाम काही केलं नाही. ते औषध देणारे देशभर हजारो होते, आणि ते देऊ नये असं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. हे सगळं खरं. तरी रात्री कधी पवळ्या आठवला की त्याच्याबरोबर तो लिंबही आठवतो.

मग २०१२-१३ चा दुष्काळ आला. त्याची कहाणी आमच्या भागातल्या प्रत्येक घरात आहे. टँकरची वाट बघत रांगा लागल्या. पंधरा-वीस वर्षं जपलेल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. माणसांनी डोळ्यांत पाणी आणून त्या कुऱ्हाडीनं तोडल्या. जनावरं खंगली, काही मेली. मी एका गावाला गेलो होतो. ओढ्याकाठी एक गाय पडलेली, चार दिवसांची. फुगलेली. भोवती कुत्री. वास कोसभर. मी वर बघितलं. बहात्तर साली जसं निळंभोर, रिकामं, पावसाचा पत्ता नसलेलं आभाळ होतं तसंच हेही होतं. फक्त त्यात ठिपका नव्हता.

त्याच सुमारास मला दुसरी एक गोष्ट वाचायला मिळाली, आणि गायरानावर जाऊन बसण्याची सुरुवात तिथून झाली.

१९९० ते १९९३ या काळात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मंडळींनी देशभर हजारो किलोमीटर रस्त्यांवरून गाडीनं जात शिकारी पक्षी मोजले होते. त्यात गिधाडंही मोजली. त्या वेळी गिधाडं मोजणं म्हणजे कावळे मोजण्यासारखं. बघणाऱ्यांना हसूच आलं असेल. पण पुढं पाखरं दिसेनाशी झाली तेव्हा २०००, २००२, २००३ आणि २००७ मध्ये त्याच वाटांवर पुन्हा मोजणी झाली, आणि जुन्या आकड्यांशेजारी नवे आकडे ठेवता आले. पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा वर्षांत ९९.९ टक्के कमी झाली होती. म्हणजे हजारातलं एक उरलं. हा आकडा पुढं ठेवता आला म्हणून सरकारपुढं बोलता आलं. नाहीतर आमच्या गावासारखंच सगळ्या देशानं म्हटलं असतं, हिमालयात गेली असतील.

म्हणजे मोजायचं ते पाखरू भरपूर असताना. संपत आल्यावर मोजायला बसलं तर हातात शून्य येतं, पण ते कशातून वजा होऊन आलं हे कळत नाही.

अमेरिकेतली एक जुनी हकिगत आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका डोंगरधारेवरून दर हिवाळ्याच्या तोंडावर हजारो ससाणे आणि गरुड दक्षिणेला जात. माणसं बंदुका घेऊन तिथं बसत आणि मौज म्हणून त्यांना पाडत. काही जातीच्या पक्ष्याला मारलं तर सरकारकडून बक्षीसही मिळे. रोझाली एज नावाच्या बाईंनी १९३४ साली तो डोंगरच भाडेपट्ट्यानं घेतला आणि मॉरिस ब्राउन नावाच्या माणसाला राखणीला बसवलं. शिकाऱ्यांना थोपवून झाल्यावर ब्राउन दिवसभर काय करणार? तो जाणारे पक्षी मोजू लागला. त्याच्यानंतर लोक आपखुशीनं येऊन मोजू लागले, आणि ती मोजणी अजून चालू आहे. पंचवीस वर्षांनी त्या वह्यांमधून दिसलं, की मोठे गरुड येतात पण त्यांच्याबरोबरची पिल्लं कमी-कमी होत चालली आहेत. १९६२ साली रेचेल कार्सन यांनी डीडीटीविरुद्ध पुस्तक लिहिलं तेव्हा त्यात ही वहीसुद्धा पुराव्याला उभी राहिली.

आपल्याकडं मोजणीची परंपरा अगदीच नाही असं नाही. आमचा मुलूख निजामाच्या राज्यात असताना, १९३१-३२ मध्ये, सालिम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली होती. पुढं १९८१ मध्ये महाराष्ट्रातल्या पक्षीमित्रांची संमेलनं सुरू झाली. जायकवाडीचं पाणी आमच्याकडं दुष्काळाचं उत्तर म्हणून आलं. त्या नाथसागरावर पाखरंही आली, आणि १९८६ मध्ये तिथं पक्षी अभयारण्य झालं. १९८७ पासून आशियाभर जानेवारी महिन्यात पाणपक्षी मोजायची चाल पडली. पण ही गर्दी पाण्याकडं. माळाकडं कोण बघतो? माळावरचं पाखरू मोजायला माणूस मिळत नाही.

नागालँडातल्या पांगती गावची गोष्ट मी गुरुजींकडून ऐकली. तिथंही एक धरण आहे, दोयांग. अमूर ससाणा नावाचं मूठभर वजनाचं पाखरू सैबेरिया-चीनकडून आफ्रिकेत जाताना तिथं लाखोंनी उतरतं. २०१२ साली बाहेरच्या माणसांना कळलं, की त्या मोसमात तिथं लाखाच्या वर ससाणे जाळी लावून मारले जातात. गावकरी मासेमारीच्या जाळ्यांनी ते पकडत आणि विकत. त्यांच्यासाठी ते पीक होतं. पण गोष्ट समजावून सांगितल्यावर त्याच गावकऱ्यांनी दुसऱ्या वर्षी जाळी लावली नाहीत. २०१३ मध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर यंत्रं बसवून त्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी नावं दिली, आणि हे गावाच्या नावाचं पाखरू आपला देश ओलांडून, अरबी समुद्रावरून आफ्रिकेला कसं जातं, हे सगळ्या जगानं बघितलं. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, मारणारं गाव राखणदार होतं. मग आपण तर नुसते न बघणारे. आपल्याला काय अवघड आहे?"

गिधाडं तर गेली होती. मोजायला उरलं कोण, तर भोवत्या. पुस्तकात याचं नाव भोवत्या. गावात त्याला वेगळं नाव मला सापडलं नाही, सगळ्या घारीच. घारीपेक्षा सडपातळ, पंख किंचित वर धरून गवतावरून कमरेएवढ्या उंचीनं तरंगत जाणारं. नर राखाडी, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी. मादी तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. माँटेग्यूचा भोवत्या, पांढुरका भोवत्या हे तिकडं कझाकिस्तानच्या गवताळ मुलखात पिल्लं काढतात आणि हिवाळ्याला आपल्याकडं येतात. आले की टोळ, नाकतोडे, उंदीर खातात. आमच्या तूर-कपाशीच्या शेतात येऊन फुकट राबणारा हा गडी. मजुरी मागत नाही, फक्त रात्री पाठ टेकायला गवत मागतो. कारण हा झाडावर झोपत नाही. अंधार पडता-पडता दहा दिशांनी येऊन माळावरच्या गवतात, जमिनीवर एकत्र मुक्काम करतो. गुजरातेत वेळावदरच्या माळावर असे शेकड्यांनी उतरतात.

म्हणून त्याची मोजणी संध्याकाळी. पाच-सव्वापाचला जाऊन बसायचं. दिशा वाटून घ्यायच्या. खूण म्हणून ती बाभळ ते हे पवनचक्कीचं टोक, असं. आपल्या दिशेनं आत येणारं पाखरू तेवढंच आपलं. सूर्य बुडताना एकेक येऊ लागतात. कधी कोल्हं निघतं आणि बसलेली सगळी पुन्हा उठतात, मग हिशोब चुकतो. त्या वेळी अंदाजानं भर घालायची नाही. नर, मादी, ओळख न पटलेली, असे तीन रकाने. वारा, ढग, वेळ. सगळ्यांत महत्त्वाच्या संध्याकाळी फाल्गुन-चैत्रातल्या, कारण तेव्हा ती परतीला निघतात. कुठल्या आठवड्यात किती उरली हे लिहून ठेवलं तर पुढच्या वर्षी त्याच आठवड्याशी ताडून बघता येतं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही अकरा मोजली. गुरुजींचा आग्रह बारा होता. पुतण्या म्हणाला, ते एक दोनदा आलं. अकराच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मात्र वेगळंच झालं. आम्ही बसलो न बसलो तोच एक माणूस मोटारसायकल दामटत आला. पाठोपाठ आणखी दोघं. कुणीतरी गावात सांगितलं होतं, गायरानावर मोजणीवाले आले, दुर्बीण लावून बसलेत. खेड्यात मोजणी म्हणजे जमिनीचीच. या गड्यानं गायरानात चार एकर नांगरून कपाशी केली होती. त्याच्या कपाळावरचा घाम मला अजून दिसतो.

"साहेब, बापाच्या टायमापासून कसतो आम्ही. नोटीस तर द्यायची!"

गुरुजींनी त्याच्या हातात दुर्बीण दिली आणि नेमकं त्याच वेळी एक राखाडी नर त्याच्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवरून तरंगत आला. तो बघत राहिला. मग म्हणाला, "हे व्हय? हे तर रोज येतं. अळ्या-टोळ खातं." त्याला ठाऊक होतं. फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं.

हसण्यावारी गेलं, पण त्यात हसण्यासारखं फार नाही. त्याच्याकडं दुसरी जमीन नव्हती. गायरान सगळ्या गावाचं, म्हणून कुणाचंच नाही. सरकारच्या कागदावर असलं माळरान म्हणजे पडीक. पडीक म्हटलं की त्याचं काहीतरी करून टाकावं असं प्रत्येकाला वाटतं. कुणी नांगरतो, कुणी मुरूम उचलतो, कुणी झाडं लावून त्याचं जंगल करायला निघतो. होळीच्या सुमाराला कुणीतरी काडी लावतो. नवं गवत चांगलं फुटतं असा समज. एका वर्षी आम्ही गेलो तर सगळं काळं. भोवत्ये आले, जळक्या माळावर दोन फेऱ्या मारल्या आणि अंधारात कुठंतरी निघून गेले. त्या दिवशी वहीत मुक्काम शून्य आणि शेरा 'गवत जळाले' असा आहे.

पण त्या वहीचा एक उपयोग झाला. गुरुजींनी त्या नोंदी ग्रामसभेत वाचून दाखवल्या. माणसांनी ऐकून घेतलं, कारण त्यात उपदेश नव्हता. तारीख होती, वेळ होती, आकडा होता. मेंढीवाल्या आबांनी उठून सांगितलं, "जाळल्यानं माज्या मेंढरायचं बी मरण हाय." पाखरासाठी नसेल, मेंढरांसाठी असेल, पण पुढच्या फाल्गुनात निम्मं गायरान बिनजळतं राहिलं. मी याला फार मोठा विजय म्हणत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी काय होईल कोण सांगणार?

गिधाडांचंही सगळं संपलं नाही. रायगड जिल्ह्यात चिरगावच्या परिसरात लोकांनी त्यांना जपलं. हरियाणात पिंजोरच्या केंद्रात त्यांची पैदास झाली, आणि २०२४ साली तिथून आणलेली काही गिधाडं आपल्या पेंच आणि ताडोबाच्या जंगलात आली. जनावरांसाठीची केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ही औषधंही २०२३ मध्ये बंद झाली, कारण तीही गिधाडांना तशीच मारक. मेलॉक्सिकॅम हे त्यांना न मारणारं औषध हाताशी आहे. माझ्या जागी आलेल्या पोराला मी एवढंच सांगतो, की पेटीत काय आहे ते वाचत जा, आणि जनावर मेलं तर ते कुठं टाकलं तेही विचारत जा. तो हो म्हणतो. करतो की नाही ठाऊक नाही.

आबांना मी उत्तर दिलं, पण बऱ्याच दिवसांनी. मत्स्योदरी देवीच्या पायऱ्यांवर ते भेटले. म्हटलं, "आबा, तुमची मेंढरं तुम्ही रोज संध्याकाळी कामून मोजता? मोजल्यानं वाढतात व्हय?"

ते हसले. मग थोडा वेळ गप्प राहिले. "न्हाई," म्हणाले. "कमी पडलं तर माघारी बगायला जावं लागतं."

यंदा पाडव्यानंतरच्या आठवड्यात आम्ही शेवटचं बसलो. ऊन कलंडलं, वारा पडला. टिटव्या ओरडून गप्प झाल्या. पश्चिमेकडं एक कापशी घार थरथरत एका जागी थांबली आणि निघून गेली. अंधार पडेपर्यंत एकही भोवत्या आला नाही. ते आता वाटेत असतील, कझाकिस्तानाच्या. लहानीनं पेन हातात धरून विचारलं,

"काका, आलंच नाही काही. मग लिहायचं का?"

"लिही. शून्य लिही. आणि शेजारी तारीख आणि वेळ."

तिनं घड्याळात बघितलं आणि लिहिलं.